शेंगदाण्याएवढ्या काळजाचा सूड

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे, चिवावा जातीची. माझे कान माझ्या देहाला शोभत नाहीत इतके मोठे आहेत आणि माझा राग कानांपेक्षा मोठा आहे. लुईझियानाच्या दलदलीकाठी ओदील गिद्री नावाच्या विधवा बाईंच्या घरी मी राहते. माझे नाव पिस्ताश. इकडच्या फ्रेंच बोलीत पिस्ताश म्हणजे शेंगदाणा. मला पहिल्यांदा तळहातावर घेतले तेव्हा ओदीलला दुसरे काही सुचलेच नाही.

माझी कहाणी सांगण्यामागचा हेतू अगदी शुद्ध आहे. मला सूड घ्यायचा होता. तो मी घेतला, अजून घेते आहे, आणि प्रकृतीने साथ दिली तर पुढेही घेत राहीन.

सूड कोणावर? अल्सीदवर. हा ओदीलचा धाकटा भाऊ. कोळंबीच्या होडीवर आयुष्य घालवलेला, पोट सुटलेला, पांढरे रबरी बूट घालणारा माणूस. ते बूट इकडचे सगळेच कोळी घालतात, पण अल्सीद ते घालून चर्चलाही जातो. त्याच्याकडे पुष्कळ शिकारी कुत्रे आहेत आणि प्रत्येक विषयावर एक मत आहे. दोन्हींचा आवाज लांबून सारखाच येतो.

माझे बालपण सुखात गेले. ऊन उतरले की ओदील कॉफीचा कप घेऊन ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसे आणि मी तिच्या मांडीवर. अल्सीद येई, पायरीवर बूट काढून ठेवी आणि बोलू लागे. आमच्याकडे संध्याकाळी ओसरीवर न दिसणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा कोणाशी तरी भांडलेला असतो. नेमक्या त्याच वेळी दलदलीतून डासही येत. त्यांनाही ओसरीची सवय होती.

एकदा जनावरांच्या डॉक्टर मेलान्सोंबाईंनी माझ्यासाठी गोळ्यांचा खोका दिला. डास चावला की त्याच्यातून बारीक जंत रक्तात शिरतो आणि वाढत वाढत हृदयात जाऊन बसतो, म्हणून दर महिन्याला एक गोळी, वर्षभर, असे त्यांनी ओदीलला बजावले. ओदीलने खोका ओसरीवरच्या टेबलावर ठेवला. ही तिची चूक. अल्सीदने चष्मा चढवला.

"हे काय? हिला औषध? अगं ओदील, कोळंबीएवढी ही! गोळीच हिला गिळेल."

"डॉक्टरबाईंनी वजन करूनच दिलंय रे."

"त्या देणारच. माझे कुत्रे दिवसभर चिखलात लोळतात, त्यांचं ठीक आहे. ही घरातली बाहुली. हिला डास कुठून चावणार?" असे म्हणून त्याने स्वतःच्या मानेवरचा डास फटकन मारला.

तेवढ्यात एक डास माझ्या नाकावर बसला. मी तो सर्वांना दाखवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. त्यात मला शिंक आली.

"बघ! नुसत्या वासाने शिंकतेय," अल्सीद म्हणाला. "मरेल ती, सांगून ठेवतो. छोट्या कुत्र्यांना असली औषधं सोसत नाहीत. डोळ्यांनी बघितलंय मी."

ओदील घाबरली. तिला मी दोष देत नाही. औषध दिल्यावर काही झाले तर ते आपल्या हातून झाले, आणि न देता झाले तर देवाने केले, असा माणसांचा हिशेब असतो. तिने खोका बाजूला सारला. वाया कशाला घालवायचा, म्हणून अल्सीद तो घरी घेऊन गेला आणि त्याच्या कर्नल नावाच्या धिप्पाड कुत्र्याने माझ्या गोळ्या चघळून आणखी मागितल्या. मित्रांनो, हे मी विसरलेले नाही.

पुढे मला खोकला सुरू झाला. मग ओसरीच्या पायऱ्या उंच वाटू लागल्या. मग ओदीलने हाक मारली तरी शेपूट हलवण्याचा कंटाळा येऊ लागला. मेलान्सोंबाईंनी रक्त तपासले आणि ओदीलला खुर्ची दिली.

"घरातलीच आहे हो ती," ओदील रडत म्हणाली. "बाहेर जातच नाही."

"संध्याकाळी कुठे बसता तुम्ही?"

"ओसरीवर."

"आणि ही?"

ओदीलने स्वतःच्या मांडीकडे पाहिले.

"हिचं हृदय केवढं, सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठ्या कुत्र्यात मावतील तेवढे जंत हिच्यात कुठे मावणार? चार शिरले तरी घर भरलं."

मग पाठीच्या स्नायूत सुया टोचल्या. त्या दुखल्या, पण अपमान पुढे होता. मला महिनोन्‌महिने पिंजऱ्यात ठेवले. पळायचे नाही, उडी मारायची नाही, भुंकायचे नाही, कारण मेलेले जंत फुप्फुसात अडकले तर जीव जाईल. न भुंकणारी चिवावा कशी दिसत असेल, याची कल्पना करून पाहा. पिंजऱ्याच्या गजांतून मला पायरीवरचे पांढरे बूट दिसत. इतर रुग्ण प्रार्थना करतात. मी बुटांकडे पाहत असे.

बरी झाल्यावर, मोकळी सुटले त्या दिवशी मी डाव्या बुटात जे करायचे ते केले. उजवा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला. खोकला गेला होता, पण तो कसा काढायचा हे मी लक्षात ठेवले. एखादी विद्या पुढे कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

मग अल्सीदच्या मुलीने गाव सोडताना तिचे पिल्लू बापाच्या गळ्यात टाकले. तेही चिवावाच. मादी, नाव झोझो. ते अल्सीदच्या सदऱ्याच्या खिशात मावत असे. महिन्याभरात हा आडदांड कोळी त्या पिल्लाला चमच्याने भात भरवू लागला. आणि रोज संध्याकाळी त्याला खिशात घालून आमच्या ओसरीवर येऊ लागला. औषधाचे नाव नाही.

मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू? मनात म्हटले, छान. तूही आता एका इवल्याशा छातीला कान लावून बस.

वसंतात ओदीलच्या अंगणात क्रॉफिश, म्हणजे दलदलीतले नांग्यांचे झिंगे, उकडण्याचा बेत झाला. लांब टेबलावर वर्तमानपत्रे पसरून त्यांवर लाल नांग्यांची रास ओतली होती आणि सगळा गोतावळा जमला होता. कोणीतरी झोझोच्या औषधाबद्दल विचारले. अल्सीद नांगी फोडता फोडता म्हणाला, "छोट्या कुत्र्याला औषध म्हणजे विष!"

खिशातून झोझोचे डोके बाहेर आले. तिच्या कानावर डास बसला होता. मी नुसती गप्प बसले असते तरी माझा सूड आपोआप पुरा झाला असता. पण त्या मूर्ख पोरीने माझ्याकडे पाहून अंग हलवले, म्हणजे खिसाच हलला. तिचा बिचारीचा काय दोष? शिवाय मला वाटले, अल्सीद रडला तर लोक त्याची कीव करतील, आणि ते मला परवडण्यासारखे नव्हते.

मी खोकले. पिंजऱ्यापूर्वीचा, अस्सल, पोटातून येणारा खोकला. टेबलावरच्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे आणि मग अल्सीदकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय?" तो लाल झाला. "आईची ती छोटी कुत्री, बेबेट, आठवते ना? औषधानेच गेली ती. माझ्या डोळ्यांदेखत."

ओदीलचा हात थांबला. "बेबेट म्हातारपणाने गेली. तूच सांगितलंस आईला."

अल्सीद राशीत पुढची नांगी शोधू लागला.

"कुठलं औषध दिलंस तिला?"

"जंतांचंच."

"कुठलं, अल्सीद?"

"गोठ्यातलं."

"गाईंचं?"

"आम्ही सगळेच शिकारी कुत्र्यांना तेच द्यायचो गं तेव्हा."

"मोजून?"

"अंदाजाने." त्याचा आवाज खाली गेला. "मोठ्या कुत्र्याला द्यायचो, त्याच्या निम्मं दिलं."

ओदीलने हात पुसले. "म्हणजे छोट्या कुत्र्यांना औषध सोसत नाही असं नाही. छोट्या कुत्र्यांना तू सोसत नाहीस."

सगळे टेबल हसले. अल्सीद हसला नाही. त्याने खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. क्षणभर मला त्याची कीव आली. मग पिंजरा आठवला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून मेलान्सोंबाईंकडे गेला. झोझोचे वजन झाले, तिच्या मापाचा खोका मिळाला. "गाईचं औषध गाईला द्या," एवढेच बाई म्हणाल्या. अल्सीदने टोपी काढून "बरं" म्हटले. हे दृश्य पाहायला मी ओदीलच्या पिशवीत बसून मुद्दाम गेले होते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादे छोटे कुत्रे असेल तर ओसरीवरच्या शहाण्याला विचारू नका, डॉक्टरला विचारा. कुत्रे लहान असले म्हणून डास त्याला सोडत नाही. आणि काळीज लहान असले की जागा कमी पडते, जंतांना आणि क्षमेलाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या संध्याकाळी अल्सीद दोन गोळ्या घेऊन येतो. झोझो तिची गोळी लगेच खाते. ती भोळी आहे. माझ्यासाठी त्याला गुडघ्यावर बसावे लागते आणि ते गुडघे करकरतात. मी आधी तोंड फिरवते. मग गोळी घेते, घोळवते आणि हळूच त्याच्या पांढऱ्या बुटावर टाकते. तो ती उचलतो, पुसतो आणि पुन्हा पुढे करतो.

"घे गं पिस्ताश," तो म्हणतो. "चुकलो म्हटलं ना."

मी त्याला ते आणखी एकदा म्हणायला लावते. मगच गिळते. गोळी एकही चुकवायची नाही, असे डॉक्टरबाईंनी बजावले आहे.