सहा सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गळ्यातली नव्हे, दाराचीही नव्हे, मी मैदानावरची. माझ्या दोन टोकांना दोन नारिंगी दांडे आहेत आणि त्यांच्या मध्ये मी बरोबर दहा यार्ड आहे. निदान जन्माला तरी तेवढीच आले होते. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलं नाही, म्हणून माझी हकिगतही थोडी खळखळतच ऐकावी लागेल.

डेल्फ्ट या डच शहरातल्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा मला मागवलं. या खेळात लांबुळका चेंडू पोटाशी धरून पळायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्यांना द्यावा लागतो. दहा झाले की नाही अशी शंका आली, की मला मैदानात पळवत नेतात. मग बावीस धिप्पाड पोरं श्वास रोखून माझ्याकडे बघतात. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग करोना आला. सामानाच्या खोलीला कुलूप लागलं आणि मी वर्षभर ओलसर ताडपत्रीखाली पडून राहिले. अंगावर गंज चढला. एक कडी पार मोडली. दुखलं त्यापेक्षा भीतीच जास्त वाटली, कारण तुटकी साखळी कोण ठेवतं?

२०२१च्या मार्चमध्ये सत्तावीस वर्षांच्या आतल्या मुलांना एकत्र सराव करायची परवानगी मिळाली. श्रीहर्ष अठ्ठावीस वर्षांचा होता. हा पुण्याचा मुलगा डेल्फ्टमध्ये पीएच.डी. करत होता आणि केसाच्या हजाराव्या भागाएवढी लांबी मोजणारी यंत्रं बनवत होता. दोन वर्षं तो संघात खेळला होता. आता कुंपणाबाहेर सायकलला टेकून तो इतरांचा सराव बघत राही. कोच योस्टला ते बघवेना. त्याने श्रीहर्षला सामानाच्या खोलीची किल्ली दिली आणि सगळं नीट लावायला सांगितलं.

श्रीहर्षने मला उन्हात आणलं, घासलं, तेल लावलं. मोडकी कडी आणि तिच्या शेजारची गंजलेली अशा दोन कड्या त्याने पकडीने कापल्या आणि त्यांच्या जागी एक छोटी रिंग घातली. फार मायेने केलं त्याने सगळं. फक्त मला पुन्हा मोजायचं राहून गेलं. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाला ते सुचू नये, याला काय म्हणावं? मी जिवाच्या आकांताने खळखळाट केला. त्याला वाटलं, तेल कमी पडलं.

उन्हाळ्यात नियम सैलावले, पण तोवर संघातली त्याची जागा गेली होती. तेव्हा माझा एक दांडा त्याने घेतला आणि दुसरा स्नेहलने. ती मास्टर्स करायला आलेली मुंबईची मुलगी. शरद ऋतूत आमचा संघ सुटलाच. पहिला सामना जिंकला, दुसराही जिंकला. तिसऱ्यात पूर्वेकडून आलेल्या संघाशी अटीतटीची लढत झाली आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या चौथ्या प्रयत्नानंतर मला बोलावलं. चेंडू दांड्याच्या दोन बोटं पुढे होता, म्हणून तो आमच्याकडेच राहिला आणि आम्ही जिंकलो. आमची मुलं नाचली, त्यांनी श्रीहर्षलाही उचलून घेतलं. मी मात्र खळखळत राहिले, कुणी ऐकलं नाही.

पुढचे सगळे सामने जिंकून आम्ही अंतिम फेरीत पोचलो. समोर आला तोच पूर्वेकडचा संघ. आदल्या दिवशी स्नेहलने मैदानावरच्या पांढऱ्या रेघांवर मला सहज ताणून पाहिलं.

"अरे, लाइन चुकलीये वाटतं," ती म्हणाली. "साखळी तिथपर्यंत पोचतच नाहीये."

श्रीहर्षने मोजपट्टी आणली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. चेहरा उतरला त्याचा.

"सहा सेंटिमीटर कमी आहे. तिसऱ्या मॅचला आपण शॉर्ट होतो, स्नेहल."

तिने मोजपट्टी गुंडाळली. मग म्हणाली, "मोठी रिंग टाक आणि विषय संपव. पोरांनी मर मर मेहनत केलीये. तू सांगितलंस तर सगळे तुलाच धरतील. खेळायला तर मिळालंच नाही, उद्या टीमच्या फोटोतही नसशील."

"त्यांनी मला एकच काम दिलं होतं," श्रीहर्ष म्हणाला. "मोजायचं."

त्याने मोठी रिंग घातली, मला मोजलं आणि मग जाऊन कोचला सगळं सांगितलं. योस्टने कपाळावर हात मारला आणि समोरच्या संघाला फोन केला. आयोजकांनी जुना निकाल तसाच ठेवला. समोरच्यांनी एवढंच मागितलं, की साखळीचं एक टोक त्यांच्या माणसाच्या हातात राहावं. आमच्यातली काही मुलं मात्र भयंकर चिडली. कप्तान रुबेन त्या दिवशी श्रीहर्षशी बोललाच नाही.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रेक्षकांना बंदी आली होती. रिकाम्या मैदानावर भर दुपारी अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि समोरच्यांचा चौथा प्रयत्न होता. पोरांचा ढीग पडला, चेंडू अडला, आणि पंचांनी मला बोलावलं.

एका टोकाला श्रीहर्ष, दुसऱ्या टोकाला त्यांचा माणूस, यान. यानने मला एवढं ताणलं की माझा सांधा करकरला. मनात म्हटलं, आता तुटू नकोस बाई. चेंडू दांड्यापासून बोटभर मागे होता. यान खाली वाकला, त्याने नीट पाहिलं, आणि त्यानेच सांगितलं, "कमी आहे."

आदल्या दिवशीची आखूड मी असते, तर चेंडू त्यांचा राहिला असता. श्रीहर्षला ते कळलं होतं. सगळे उड्या मारत असताना तो दांडा धरून तसाच उभा होता. मग रुबेन चालत आला.

"फोटोला चल," तो म्हणाला. "आणि हिलाही घे."

फोटोत मी सगळ्यांच्या पायाशी आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता तरी हिने शांत बसावं. कशी बसू? तिसऱ्या सामन्याचा निकाल अजून तोच आहे, आणि ती दोन बोटं माझ्या अंगावर आहेत. म्हणून एवढंच मागते. आम्हा जुन्या वस्तूंना फेकू नका, पुसा, सांधा, तेल लावा. पण सांधून झालं की एकदा मोजाही. श्रीहर्ष आता प्रत्येक सामन्याच्या सकाळी मला मोजतो. तेवढा वेळ मी अजिबात आवाज करत नाही.