माळावरच्या देवीची पाठ

सोमवारी सकाळी आठ वाजता माळावर पाचशे माणसं जमली होती. कबनूरचे काहीजण माग बंद ठेवून आले, तेव्हा दुपारपर्यंत आकडा हजारावर गेला. सगळ्यांचे डोळे एका वीतभर लाकडी मूर्तीवर होते. पत्र्याच्या देवळात ती आढ्याला टांगलेली होती. दोरीवर लाल नाडा गुंडाळलेला, त्यामुळे दोरी कसली आहे ते दिसत नव्हतं. मूर्तीला कुणी हात लावत नसे. तरी ती फिरायची.

२००३ सालचा जुलै होता. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. जूनमध्ये देवीनं दोनदा गावाकडे तोंड केलं आणि दोन्ही वेळा एक-दोन दिवसांत पाऊस पडला. तेव्हापासून मूर्तीची पूजा करणाऱ्या सयाजीचा सयाजीबाबा झाला.

"ढग म्हंजे देवीची म्हसरं," बाबा सांगायचे. "तिनं तोंड केलं की दावणीला येत्यात. म्या निस्ता गुराखी."

हा गुराखी रोज आकाशवाणीवरचं हवामान ऐकल्याशिवाय आरतीला उभा राहत नसे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात देवी पुन्हा गावाकडे वळली. आभाळ भरून आलं. तिकडे घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला पावसानं झोडपलं आणि इथे माळावर थेंबही पडला नाही. चार दिवस गेले. लोक विचारू लागले. मग बाबांनी नवं कारण काढलं.

"देवीचं काय चुकलं न्हाय. पाऊस कुणीतरी बांधलाय."

पाऊस कोण बांधतं, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. वीटभट्टीवाले. कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून ते मंत्र घालून ढग अडवतात, असा समज आहे. गावात भट्टी एकच होती, बयाबाई कुंभार या साठीतल्या विधवेची. पाऊस लांबला तसा तिनं आणखी एक भट्टी रचायला घेतली होती. पाऊस नव्हता म्हणून तिनं विटा पाडल्या. गावानं ते उलटं धरलं: तिनं विटा पाडल्या म्हणून पाऊस नाही.

देवी आता पाठमोरी झाली होती. त्या सोमवारी बाबांनी निवाडा दिला की, जिनं बांधला तिनंच सोडायचा. देवी तोंड फिरवेपर्यंत बयाबाईनं देवळासमोर उन्हात बसायचं, पाण्याचा थेंबही न घेता. तिला घरातून आणलं शेजारच्या ज्ञानूनं. त्याचा भुईमूग करपत चालला होता.

"बयाकाकू, सोड की एकदा. कशाला गाव मारतीस?"

"अरं ज्ञानू, मला शेळी बांधायची गाठ धड येत न्हाय," बयाबाई म्हणाली. "पाऊस कशानं बांधू?"

काहीजण हसले. तिला बसवलंच.

प्राथमिक शाळेच्या संघप्रिया कांबळे बाई दुपारी कळशी घेऊन आल्या. कुणीतरी कळशी लाथेनं उडवली. "बाई, तुमाला देवच न्हाय. तुमी शाळा बघा." बाई पोलीस चौकीवर गेल्या. देवाधर्माचं आहे, गावानं मिटवावं, असं तिथे सांगण्यात आलं.

मंगळवारचा दिवस तसाच गेला.

बुधवारी सकाळी दस्तगीर नदाफ शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. पंचक्रोशीतल्या गाद्या भरणारे म्हातारे.

"बाई, ती दोरी न्हवं. तात हाय. बकऱ्याच्या आतड्याची, कापूस पिंजायच्या कमानीला लावत्यात ती. मार्चात ह्यो सयाजीच घिऊन गेलता माझ्याकडनं. दमट हवा लागली की तिचा पीळ सुटतो. वाळली की परत भरतो. पावसाळ्यात आमची कमान वाजतच न्हाय."

"हे तुम्हाला कधी कळलं, चाचा?"

"परवा. माळावर गर्दीत आलतो, मूर्ती टांगलेली बघितली. तवाच."

"मग परवा का नाही आलात?"

"नदाफानं देवळातलं बोलायचं म्हंजे..."

दोघं माळावर पोचले तेव्हा बयाबाई कुशीवर पडली होती. बोलत नव्हती. दोरीलगत साखळीनं एक धुपाटणं टांगलेलं बाईंना दिसलं. त्यातले निखारे सोमवारपासून विझू दिले नव्हते.

"हे काढा."

"देवी कोपंल," बाबा म्हणाले.

"माझ्यावर कोपू दे."

बाई चौथऱ्यावर चढल्या. "जळू दे हात तिचा," मागून कुणीतरी म्हणालं. बाईंनी धुपाटणं उतरवलं, लाल नाडा वर सारला आणि रुमाल ओला करून दोरीभोवती गुंडाळला. दोन-तीन मिनिटांत मूर्ती हलली. मग सावकाश वळत तिनं गावाकडे तोंड केलं. हजार माणसांनी हात जोडले.

सयाजीबाबांनी हात वर केले. "सुटला पाऊस. तिनं गाठ सोडली."

बाईंनी ते खोडलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मग तिला आता पाणी द्या."

ज्ञानूनंच तांब्या नेला. पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. टेंपोत घालून तिला इचलकरंजीच्या दवाखान्यात धाडलं. टेंपो दिसेनासा झाल्यावरच बाईंनी रुमाल सोडला आणि धुपाटणं जागेवर अडकवलं. पंधरा मिनिटं लागली. देवी पाठमोरी झाली.

"आता कुणी बांधला?" बाईंनी विचारलं.

दस्तगीर पुढे आले.

"ए म्हाताऱ्या, तू गाद्या भर," बाबा म्हणाले.

"भरतोच की. तुझीबी भरली. तवाच तात नेलीस." त्यांनी नाडा पुरता उलगडून तात लोकांना दाखवली.

देवी हवेतला दमटपणा दाखवत होती, पाऊस नव्हे. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी घाटात पडतं. पलीकडे उतरताना ती तापते, ढग विरतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि इकडे माळाच्या बाजूला, हातकणंगल्याला, त्याचा जेमतेम आठवा हिस्सा. दमट वाऱ्यानं तातेचा पीळ सुटायचा, पाऊस मात्र घाटातच राहायचा. देवीनं तोंड केलं आणि पाऊस आला नाही, तर जाब बाबांना द्यावा लागणार. म्हणून निखाऱ्यांनी तात वाळवून त्यांनी तिला पाठमोरी ठेवलं होतं. आकाशवाणी पावसाचं सांगेपर्यंत.

सयाजीबाबा त्याच दुपारी कबनूरच्या रस्त्याला लागले. कुणी अडवलं नाही.

बयाबाई शुक्रवारी गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती. पुढच्या मंगळवारी पाऊस आला आणि तीन दिवस पडला.

चौथ्या दिवशी ज्ञानू शाळेत आला. "बाई, तातेचं पटलं. पण बयाकाकू गेली अन् पाऊस आला, ह्ये तर खरं न्हवं?"

बाईंनी त्याच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. मिरज, कागल, आष्टा, तासगाव, सगळीकडे पाऊस होता.

"यातल्या कुठल्या गावात कुणाला उन्हात बसवलं होतं, ज्ञानूदादा?"

ज्ञानू यादी वाचत राहिला. मग वर्तमानपत्राची घडी घालून तो शेताकडे गेला.

पाऊस बांधलाय असं पुन्हा कुणी सांगेल. सांगणारे कमी नाहीत. तेव्हा बाईंनी विचारलं तेच विचारा: शेजारच्या गावात काय झालं? दोरी कसली आहे? आणि उत्तर ठाऊक असेल, तर त्याच दिवशी सांगा. उन्हात बसवलेल्या माणसाला दुसरा दिवस मिळेलच असं नाही.