न उडालेला ड्रोन

आमची कंपनी म्हणजे दादा, मी आणि एक ड्रोन. दादा मालक, मी पायलट. ऑफिस टायरच्या दुकानावरच्या खोलीत. 'हवाई पायाभूत सुविधा तपासणी' ही पाटी मात्र दारापेक्षा रुंद झाली आणि सुताराला दोनदा बोलवावं लागलं.

बाबा कंपनीत नाहीत. त्यांनी चौतीस वर्षं पूल तपासले, तेही हातोडीने. खांबावर ठोकायचं आणि कान द्यायचा. चांगलं काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. निवृत्तीनंतरही ते फिरायला नदीच्या पुलाकडेच जातात आणि हातोडी पिशवीत असते. गेल्या वर्षी एक दिवस घरी आले ते चपला न काढताच म्हणाले, तिसरा खांब बद्द वाजतोय, भेग वर कुठेतरी असणार.

त्या पुलावरून रोज शाळेच्या बस जातात. बाबा पुलाच्या ऑफिसात पाच वेळा जाऊन आले. तिथल्या इंजिनीअरने दर वेळी चहा पाजला आणि सांगितलं, की कानाने ऐकलेलं फाइलला लावता येत नाही, फोटो हवेत. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. शेवटी फोटो काढायचं काम दादाने आपल्या कंपनीसाठी मिळवलं.

पुढे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पुलाशेजारी हॉस्पिटल, त्याच्या गच्चीवर रुग्णांचं हेलिकॉप्टर उतरतं, म्हणून हवाई ऑफिसची परवानगी हवी. एकाच आकाशात हेलिकॉप्टर आणि ड्रोन गुण्यागोविंदाने नांदावेत अशी त्यांची नवी योजनाच होती. अट एकच. ड्रोनखाली माणसं नकोत, तेव्हा आधी पूल बंद करून घ्या. पुलाचं ऑफिस म्हणालं, धोक्याचा अहवाल असल्याशिवाय पूल बंद होत नाही. अहवालाला फोटो हवेत, फोटोला ड्रोन उडायला हवा. दोन्ही ऑफिसं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. सात महिने मी कागद घेऊन तो रस्ता ओलांडत होते. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आज बस त्याच पुलावरून गेल्या का. उत्तर त्यांना माहीत असायचं.

एका सकाळी त्यांनी टेबलावरचा ड्रोन उचलला आणि मला विचारलं, "परवानगी कशाला लागते गं?"

"उडतो म्हणून."

"मग उडवू नका."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन चारही पंखे काढून ठेवले. मला रागच आला, कारण त्या ड्रोनला मी धूळही लागू देत नाही. पण तासाभरात आम्ही पुलावर होतो. रंगाऱ्याकडून आणलेल्या लांब बांबूच्या टोकाला ड्रोन बांधलेला, दादा कठड्यावरून बांबू खाली धरून उभा, मी स्क्रीनपाशी, आणि बाबा मागून सांगतायत, डावीकडे, अजून खाली. भेग दिसली. तळहात आत जाईल एवढी. मागून एक बस गेली आणि मी फोटो काढत सुटले.

फोटो पुलाच्या ऑफिसात दिले आणि दुपारपर्यंत पूल बंद झाला. हवाई ऑफिसच्या योजनेचा अहवालही आम्ही प्रामाणिकपणे भरला. उड्डाणाची उंची शून्य, इतर विमानांना अडथळा शून्य. हवाई ऑफिस खूश झालं. अख्ख्या योजनेत एकही तक्रार नसलेली कंपनी आमचीच निघाली. त्यांनी आपल्याच ऑफिसात सत्कार ठेवला.

सत्कारात तिथल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, नेमका तिसराच खांब बघायचा हे ड्रोनला कळलं कसं? दादाने शेवटच्या रांगेतल्या बाबांकडे बघितलं, मग पहिल्या रांगेतल्या बड्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, आणि म्हणाला, "आमचा खास सेन्सर आहे." टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. दादाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि मी गप्प बसले म्हणून माझीही वाटली.

बाहेर पडताना बाबा पोर्चच्या खांबापाशी थांबले. आधी बोटांनी वाजवून बघितलं, मग पिशवीतून हातोडी काढली. दोनदा ठोकलं. आवाज मलाही कळला. दादा मागे वळला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागोमाग.

"पोर्चचा खांब आतून सुटलाय, लोकांना तिथून हलवा," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"आमचे बाबा. सेन्सर म्हणजे तेच. मघाशी मी खोटं बोललो."

साहेबांनी खण उघडून एक फॉर्म दादाच्या हातात दिला. फोटो लागतील, म्हणाले, आणि इथे ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबा हातोडी घेऊन खांबाच्या अलीकडे उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला बाजूच्या दाराने पाठवत होते. एकानेही का म्हणून विचारलं नाही. पहारेकरी समजून सगळे निमूट त्यांचं ऐकत होते.