बॉयलरच्या पाइपावरचं बूच

"आधी आग विझव, मग डोकं चालव. हात लावायचा तो सगळ्यात शेवटी."

मामंजी बॉयलरपाशी उभे राहून असं सांगायचे. त्यांना जाऊन कितीतरी हिवाळे लोटले होते. पण जिन्याखालच्या खोलीत धाकट्या सुनेनं दाबाचा काटा पाहिला आणि तो आवाज जणू तिच्या मानेमागून आला.

काटा लाल पट्ट्यात घुसला होता. घर गरम ठेवणारा बॉयलर गुरगुरत होता, भिंतीवरचा पाइप बारीक थरथरत होता. तिनं खटका दाबला, गॅसची चावी आडवी केली. ज्योत विझली.

"अगं, तोंड का पांढरंफटक पडलंय?" थोरली जाऊ हात पुसत दारात आली.

"ताई, काटा बघा."

"अगंबाई! आणि वर आई!"

नेमक्या वरच्याच खोलीत सासूबाईंची खाट होती. खुब्याचं हाड मोडलेलं, कूस बदलायलाही दोघींचा आधार लागायचा. घरातले पुरुष कामावर, आणि जिना असा अरुंद की दोघींनी त्यांना उचलून खाली आणणं केवळ अशक्य.

धाकटीनं मिस्त्रीला फोन लावला.

"निघालोच. तुम्ही आधी घराबाहेर व्हा."

"सासूबाई वर खाटेवर आहेत. त्यांना टाकून कुठं जाऊ?"

"बरं. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपातून पाणी येतंय ना?"

धाकटीनं वाकून पाहिलं. पाइपाच्या तोंडावर पितळी बूच घट्ट आवळलेलं होतं.

"ताई, हे कुणी लावलं?"

थोरली ओशाळली. "मीच, सकाळी. परवापासून टिपटिप चालू होती. आईंनी धोशाच लावला होता, गळत्या घरात बरकत राहत नाही म्हणून. म्हटलं, त्यांच्या जिवाला तरी शांतता." बोलता बोलता तिनं पाना उचलला. "थांब, काढतेच आता."

"हात लावू नका!" धाकटी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं बोलली नसेल. "उकळतं पाणी अंगावर येईल!"

"बरोबर सांगताहेत त्या," फोनमधून मिस्त्री ओरडला. "बूच मी आल्यावर बघतो."

काटा मात्र अजून वर सरकत होता. आग नाही, तरी चढतोय. म्हणजे कुठून तरी पाणी आत शिरतंय. मनातल्या मनात नामस्मरण चालू ठेवून धाकटीनं पाइप एकेक करून चाचपले. तापलेल्या पाइपांत एक बारीकसा गारेगार लागला. पाणी भरायचा. त्याची चावी किंचित उघडी होती.

"खोल्यांतले रेडिएटर कोमट वाटले म्हणून परवा मी पाणी भरलं," थोरली पुटपुटली. "तेवढ्यात आईंनी हाक मारली..."

"म्हणूनच गळत होतं, ताई. जादाचं पाणी बाहेर पडत होतं बिचारं."

तिनं चावी आवळली. काटा थांबला, पण उतरेना. मिस्त्रीच्या सांगण्यावरून तिनं तळाच्या तोटीला रबरी नळी बसवली, दुसरं टोक अंगणातल्या गटारात सोडलं आणि फडक्यानं धरून तोटी केसभर उघडली. नळी फुरफुरली. अंगणात वाफेचा लोट उठला. दोघी श्वास रोखून काट्याकडे बघत राहिल्या.

"काय गं चाललंय खाली?" वरून सासूबाईंचा आवाज आला. "टिपटिप बंद केलीत, बरं झालं बाई!"

थोरलीनं तोंडावर हात दाबला. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना.

काटा लाल पट्ट्यातून निघाला. उतरत उतरत रोजच्या जागी आला. धाकटीनं तोटी बंद केली.

"आज बॉयलर पेटवू नका," मिस्त्री म्हणाला. "व्हॉल्व्ह बदलावा लागेल. आणि यापुढं गळलं तर गळू द्या, मला बोलवा."

थोरली जिन्याच्या पायरीवर बसली. "आईंना आज थंडीत पडून राहावं लागणार. कारण सांगावंच लागेल. माझं नाव घेऊ नकोस गं. त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर आहे."

"खोटं मला बोलता येत नाही, ताई."

"ठाऊक आहे. तेच तर भय."

"पण तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. शब्द दिला."

"आणि खोदून विचारलं तर?"

"तर बोलणी खाईन नि गप्प बसेन. इतकी वर्षं त्याचीच तर तालीम झालीय."

तिनं खोलीचं दार ओढून घेतलं, जाड पांघरूण खांद्यावर टाकलं आणि पावलांचा आवाज न करता जिना चढू लागली.