गुणांसाठी नाही

"तिथे नको बसूस," लोरेटा बोलून गेली आणि लगेच ओशाळली. "बस गं. कुणीतरी बसायलाच हवं."

हीटरशेजारची ती खुर्ची बाबांची. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडे, आमच्या भागातल्या शाळांची विज्ञान स्पर्धा फेब्रुवारीच्या अखेरीस भरते. शिक्षकांच्या खोलीत बसून संघांचे गुण जुळवायचं काम, मला कळायला लागल्यापासून, बाबांकडे होतं. एरवी ते कागदाच्या गिरणीत लगदा तपासायचे. लोरेटा स्पर्धेची प्रमुख. "या वर्षी तू येशील का, सिग्ने?" असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी हो म्हटलं. त्यांच्या रिकाम्या घरात कपाटं आवरण्यापेक्षा ते बरं होतं.

इथली मोजणी उलटी. प्रत्येक प्रकारात संघाचा जो क्रमांक, तेच त्याचे गुण. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. येऊन सपशेल फसलेल्या संघाला शेवटच्या क्रमांकाचे गुण मिळतात, आणि जो आलाच नाही त्याला त्याहून एक जास्त. त्या एका गुणावर बाबांचा फार जीव. "येऊन हरलेला आणि न आलेला, दोघांना एका मापाने मोजायचं नाही," असं म्हणायचे.

दुपारी बेरजा होत आल्या. पहिले दोन संघ राज्य स्पर्धेला जाणार होते. ब्लॅक आल्डर नावाची छोटी शाळा एका गुणाने तिसरी राहत होती. तेवढ्यात त्यांचे प्रशिक्षक डेल श्मिट्झ बुटांवरच्या बर्फासकट आत आले.

"मनोऱ्यात आमच्या टेसला गैरहजर लावलंय. ती आली होती!"

लाकडी काड्यांचा मनोरा मुलं घरून बांधून आणतात. त्याला बादली टांगून, वाळू ओतत, तो किती भार पेलतो ते पाहतात. त्या प्रकाराच्या परीक्षक बाई डेलच्या मागोमागच आल्या होत्या.

"दार लावल्यावर आली, डेल. तोवर मी बादली उतरवली होती."

"हमरस्त्यावर ट्रक आडवा पडला होता. आता बर्फही मीच पाडला म्हणा!" डेल माझ्याकडे वळले. "हे बघ पोरी, तो एक गुण कमी झाला तर आमची बरोबरी होते, आणि बरोबरीत पहिले क्रमांक बघतात, ते आमचे जास्त आहेत. आम्ही राज्याला जातो. बाकीच्यांसारखी मोठी शाळा नाही आमची. पुन्हा कधी एवढी मजल मारू कुणास ठाऊक."

"पण दार..."

"अगं, आली तर होती ना ती! दाराबाहेर उभी होती, खोका छातीशी धरून!"

बाबांसाठी मिलवॉकीहून मी निघाले त्या दिवशीही हमरस्ता बंद होता. मी इस्पितळात पोचले तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती. "आलात ना, झालं तर," नर्स म्हणाली होती. भली बाई होती.

"सिग्ने," लोरेटा हळूच म्हणाली, "तू म्हणशील ते. कुणी काही बोलणार नाही."

ते खरं होतं. कुणीच बोललं नसतं. पण दुसऱ्या क्रमांकावरची मुलंही त्याच बर्फातून आली होती, आणि दार उघडं असताना आत गेली होती.

"दार बंद झालं होतं," मी म्हणाले. "गैरहजरच."

डेलनी टोपी डोक्यावर दाबली. "वर्नचीच पोर. बापासारखाच दगड नुसता!" दारातून ते पुन्हा वळले. "तो निदान पेपरमिंटची गोळी तरी द्यायचा."

बक्षीस समारंभ सुरू झाला तसे सगळे सभागृहात गेले. मी कोट चढवून बाहेर आले, तर मनोऱ्याच्या वर्गाबाहेर जमिनीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर बुटांचा खोका.

"टेस?"

"हो. तुम्हीच मला गैरहजर लावलंत ना?"

"हो."

तिने मान हलवली. रडून झालेलं दिसत होतं.

"मनोरा आहे आत?"

"आहे. आजी म्हणते, फडताळावर ठेवू."

"चल, भार घालून बघू."

"आता काय उपयोग?"

"काही नाही. गुणांसाठी नाही."

ती खोका सावरत उठली.

वर्ग रिकामा होता. तिने आधी मला डोळ्यांच्या बचावाचा चष्मा दिला, मग स्वतः लावला. मनोरा टेबलातल्या भोकावर नीट बसवला, साखळी खाली सोडली, बादली अडकवली.

"मोडला तर?"

"मोडू दे. त्यासाठीच बांधलास ना?"

ती वाळू ओतू लागली. सावकाश, एकाच ठिकाणी. काड्या एकदा करकरल्या, तशी ती थांबली. मग पुन्हा ओतू लागली. शेवटी तिने वाळूचा डबा उलटा करून झटकला.

"अजून आहे वाळू?"

"नाही. संपली."

मनोरा उभा होता. भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या, बहुधा दुसऱ्या क्रमांकाच्या. टेसने तिकडे पाहिलं नाही. बादली जराशी झुलत होती. ती थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.