रुमालाखालचा भाव

मी रुमाल बोलतोय. खिशातला नव्हे हं, खांद्यावरचा. पारोळ्याच्या मागावर विणलेला, दोन हात रुंद, लाल काठाचा. झुलाल दलालाने मला बाजारात उचललं, ताणून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "आरपार दिसत नही. चालसी."

आरपार न दिसणं, हेच माझं काम. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल मला हातावर पसरतो, नुसतं "शेकडा" म्हणतो आणि खाली समोरच्याची बोटं दाबतो. चार बोटं म्हणजे चारशे, पंजा म्हणजे पाचशे, त्यापुढे पंजा दाबून वर बोटं. अंगठ्याची रेघ म्हणजे वर अर्धा शेकडा, एक ठोका म्हणजे पाव, पंचवीस. भोवती पन्नास माणसं माना वाकडी करून बघत असायची. त्यांना दिसायचो फक्त मी.

झुलाल घरात फार बोलणारा नव्हता. बायको तानुबाई. तिला कधी 'दमलीस का' असंही विचारलं नसेल त्याने. पण जेवण झालं की सरावाला तिचाच हात लागायचा. "सांग, कितला?" "सव्वातीन." "आन् हाई?" "साडेचार. आता सोडा, भांडी घासानी पडेल शेतस." तो सोडायचा, पण लगेच नाही. हे मला ठाऊक.

एका वर्षी गावातला गिरधर आला. त्याला पारोळ्याहून अमळनेर स्टेशनापर्यंत सवारी मोटार चालवायची होती. धुळ्याला एका वकिलाची मोटार विकायला निघाली होती. वकील वारले होते.

"झुलालआबा, तुम्हीच चला. सातशेना वर मनाजवळ पैसा नही. तुमनी दलाली पंचवीस, ती येगळी."

सातशे झुलालने माझ्यात गुंडाळले, पंचवीस माझ्या कोपऱ्याला गाठ मारून बांधले. तानुबाई धुळ्याच्या एकवीरेच्या दर्शनाला म्हणून सोबत निघाली.

धुळ्याला ओट्यावर वकिलाचे दोन भाऊ पानं लावत बसले होते. मोटार अंगणात होती. झुलालने आयुष्यात बैल पाहिलेले. तो दिव्याकडे बघेना, चाकाकडे बघेना. सरळ गेला आणि मोटारीच्या नाकावर तळहात ठेवला.

"गरम शे," तो म्हणाला. "सकाळीच उठाडेल दिखस हिले?"

भाऊ एकमेकांकडे बघू लागले. "नाही हो, उन्हाने तापली असेल."

"ऊन तं आते उनं," झुलाल म्हणाला; अंगणात ऊन खरंच नुकतंच उतरलं होतं. तो सावलीत जाऊन बसला. गार मोटार कशी उठते ते बघायचं होतं, म्हणून ती गार होईपर्यंत हलला नाही. मग वकिलाच्या ड्रायव्हरला हँडल मारायला लावलं. अठराव्या फेऱ्याला ती खोकत उठली. तोवर आठशेच मागणारे भाऊ आता 'तुम्हीच सांगा' म्हणाले.

पण मोटार होती वकिलाच्या विधवेच्या, पुष्पाबाईंच्या नावावर. दाराआडून त्यांचा आवाज आला, "भाव मीच ठरवीन. चारचौघांत बोलणार नाही."

आता बाईमाणूस परक्याच्या हातात हात कसा देणार? झुलालने मला खांद्यावरून काढून बायकोच्या हातात ठेवलं.

"ताने, तू जाय मझार, घरमा. तुले येस ना हाई सगळं. सातना वर नको जाऊ. मनी अब्रू तुना हातमा शे."

आत पुष्पाबाई म्हणाल्या, "अहो, मला हे येत नाही."

"लाटणं धरता येस ना? मंग येई."

तानुबाईने सातशे आपल्या पदरात घेतले, मला पसरलं आणि सहा दाबले. पुष्पाबाईंनी शिकत शिकत आठ दिले. तानुबाईने सात दिले. तिकडून सातावर रेघ आली, आणि हात तिथेच थांबला.

"दोन वर्षं पुण्याला राहून मास्तरीण व्हायचंय मला," पुष्पाबाई कुजबुजल्या. "दिरांना आकडा कळला तर सगळे पैसे तेच ठेवून घेतील. सातशेत भागत नाही, अक्का."

तानुबाईने तो हात सोडला नाही. मग दुसऱ्या हाताने तिने माझ्या कोपऱ्याची गाठ सोडली. पुन्हा सात दाबले आणि तळहातावर एक ठोका दिला. पैसे पुढ्यात येताच पुष्पाबाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला.

"ठरलं," तानुबाई बाहेर येऊन म्हणाली. ओट्यावरून विचारणा झाली, "केवढ्याला?" तिने झुलालकडे बोट दाखवलं. झुलाल म्हणाला, "रुमालखालना भाव सांगतस का कधी?"

मोटारीने परत निघालो. पुढे गिरधर नवरदेवासारखा बसलेला. मागे झुलालने मला खांद्यावर टाकलं आणि सवयीने कोपरा चाचपला. गाठ नव्हती.

त्याने बायकोकडे पाहिलं. मग मला दोघांच्या हातांवर पसरलं.

"कितला?"

तिने सात दाबले. थांबली. एक ठोका दिला.

मला वाटलं, आता हा चिडणार. बाजारात चार आण्यांसाठी दिवस घालवणारा माणूस! पण त्याने तिचा अख्खा हात मुठीत घेतला आणि पारोळ्याचा किल्ला दिसेपर्यंत सोडला नाही. त्या मुठीचा आकडा कितीचा, हे मला आजही सांगता येत नाही.

आता झुलाल नाही. मी विरलोय, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. म्हणूनच हे सगळं सांगून टाकलं. परवा सून बेबाबाई मला फाडून चुलीवरची भांडी उतरवायला घेणार होती. मी नुसताच लोंबकळत होतो.

तानुबाईने मला तिच्या हातातून काढून घेतलं, मांडीवर पसरलं.

"याले नको फाडू, पोरी. याना खाले अजून एक हात शे."