फरशी नको, मशीन हवं

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती चार महिने घरात अडकली आणि तेवढ्यात मागच्या बागेत गवताने डोकं वर काढलं. पुतण्या भेटायला आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "आत्या, फरशी घालून टाकू. कटकटच मिटेल."

"कुणाची कटकट?"

पुतण्या मनाने वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं भलं करायला निघाला की त्या दुसऱ्याला विचारायचं राहून जायचं. फरशीवाल्याशी बोलणंही झालं होतं. रविवारी मापं घ्यायला येणार होता. आत्या अडुसष्ट वर्षांची, कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेली बाई. आत्याला बघूनच मशीन सुतासारखं सरळ होतं, असं तिथल्या बायका म्हणायच्या.

"डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, फरशी मोजत बसायला नाही," ती चपला घालत म्हणाली. "गवत कापायचं मशीन घ्यायचंय, पेट्रोलवरचं. गाडी काढ."

दुकानदाराने आत्याला खुर्ची दिली आणि बोलायला लागला पुतण्याशी. भिंतीवरचं सगळ्यात मोठं मशीन उतरवून म्हणाला, "साहेब, हे न्या. बावन्न सीसी, लोखंडी पातं. झुडूपसुद्धा आडवं होईल."

"मला गवत कापायचंय, जंगल नाही," आत्या म्हणाली. "आणि साहेब नाही, मी चालवणार आहे."

"मग मावशी, ते विजेवरचं छोटं बघा ना. हलकं आहे."

"वायर बागेच्या टोकाला पोचत नाही, आणि गवत तिथेच माजलंय. हे मोठं जरा तुम्ही अडकवून दाखवा बरं."

दुकानदाराने हौसेने पट्टा खांद्यावर घेतला. आत्या त्याला एकेक विचारत राहिली: टाकी केवढी, फिल्टर कुठे, सुटे भाग मिळतात का. उत्तरं संपत आली तसा त्याचा उजवा खांदा खाली झुकला आणि कपाळावर घाम आला.

"दहा मिनिटं झाली," आत्या घड्याळ बघून म्हणाली. "माझं काम तासाभराचं आहे. काय म्हणतो खांदा?"

"जड आहे खरं," दुकानदाराने कबूल केलं. पुतण्या तोंड फिरवून हसला.

मग दुकानामागच्या अंगणात लहान मशीनं आली. पहिलं सुरू झालं तसं आत्याने अर्ध्या मिनिटात बंद केलं. "हाताला मुंग्या येतायत. दुसरं." दुसऱ्याचा दांडा तिच्या उंचीला लांब पडत होता. तिसरं हलकं होतं, मूठ कड्यासारखी गोल, पट्टा रुंद, पात्याच्या जागी नायलॉनची दोरी.

"सुरू करायची दोरी मी खेचतो," पुतण्या पुढे झाला.

"घरी रोज येणार आहेस खेचायला?"

तो मागे सरला. आत्याने पाय रोवले, चोक लावला आणि खेचलं. काही नाही. पुन्हा खेचलं, मशीन नुसतं खोकलं. गुडघ्यातून कळ गेली, पण ती चेहऱ्यावर कुणाला दिसली नाही. तिसऱ्यांदा मात्र मशीन असं धडधडलं की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. आत्या कान देऊन ऐकत राहिली. आवाज एका लयीत होता.

"हेच," ती म्हणाली. "पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते कागदावर लिहून द्या. डोळ्यांचा चष्माही द्या, आणि कानावर लावायची झाकणं."

रविवारी फरशीवाला टेप घेऊन हजर झाला, त्याच्या मागे पुतण्या. बागेत आत्या चष्मा लावून, जुने बूट घालून कामाला लागली होती. अर्धं गवत आडवं पडलं होतं, हवेत हिरवा वास भरला होता. दोघांना आत येताना बघून तिने मशीन बंद केलं.

"पंधरा मीटरच्या आत कुणी यायचं नाही! मशीनच्या पुस्तकात लिहिलंय."

"अगं, पण बागच बारा मीटरची आहे," पुतण्या म्हणाला.

"मग बाहेर उभे राहा."

फरशीवाल्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने बागेकडे पाहिलं, आत्याच्या घामाने डबडबलेल्या, लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं आणि फाटकाची कडी काढली. दोघे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आत्याने फाटक लागल्याची खात्री केली, पट्टा सारखा केला आणि एका झटक्यात दोरी खेचली.